भुरीचा डावा सड

आम्ही दोघे भाऊ ज्या वर्षी वेगळे निघालो, त्या वर्षीची ही गोष्ट. तोवर आमचा कळप एक होता, चूल एक होती, आणि घरात बोलणारं तोंडही एकच होतं, थोरल्याचं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिचा आवाज असा, की माळाच्या या टोकाला ओरडली तर त्या टोकाच्या मेंढ्या माना वर करायच्या. थोरला तिला टिटवी म्हणायचा. मग सगळेच म्हणायला लागले.

मागचा पाऊस अर्ध्यावर थांबला होता. थंडी सरायच्या आत माळावरचं गवत संपलं. मेंढ्या खुरांनी मुळं उकरून खात होत्या, त्यांचे ओठ फाटून रक्त यायचं. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही नदी ओलांडून वरच्या मुलखात जायचो. त्या वर्षी महिनाभर आधीच निघायचं ठरलं. वाटेवरच्या एका शेतकऱ्यानं त्याच्या रानात कळप बसवायला बोलावलं होतं. लेंड्यांचं खत त्याला, विहिरीचं पाणी आणि कडबा आम्हाला. पण दिवस त्यानं बांधून दिला होता. त्या दिवशी आला नाहीत तर दुसऱ्याचा कळप बसवीन, असं तोंडावर सांगितलं होतं.

टिटवीच्या उजव्या जांघेत एक गाठ यायची. रडली, खोकली, की लिंबाएवढी वर यायची. झोपली की आपोआप आत जायची. तिची आई तळव्यानं हळूच दाबून ती बसवायची. आम्हाला त्याची सवय झाली होती. मेंढरांच्या अंगावर शंभर गाठी बघितलेल्या, त्यात ही एक.

एके दिवशी ती आत जाईना. पोरीचं पोट नगाऱ्यासारखं झालं आणि तिनं हिरवं ओकलं. मी तिला खांद्यावर टाकून मोठ्या गावच्या दवाखान्यापर्यंत पळत गेलो. तीन कोस. तिथल्या डॉक्टरनं तिचे पाय उशीवर वर ठेवले, ओलं फडकं गाठीवर ठेवलं आणि बराच वेळ दोन बोटांनी दाबत राहिला. एकदम गुळगुळ असा आवाज झाला आणि गाठ आत गेली. डॉक्टर घामानं भिजला होता.

"आतडं आहे ते," तो म्हणाला. "आज गेलं आत. उद्या जाईल याचा भरवसा नाही. अडकून बसलं तर काळं पडतं, आणि मग पोर दिवसभरही टिकत नाही. ऑपरेशन करून घ्या. लहानसं असतं, अर्ध्या तासाचं."

कापणारा मोठा डॉक्टर महिन्यातून एकदा तिथं यायचा. त्याचा दिवस आणि शेतकऱ्यानं बांधून दिलेला दिवस एकच निघाला.

थोरल्याला सांगितलं तेव्हा तो काठीच्या टोकानं जमिनीत भोक पाडत बसला होता.

"पुढच्या महिन्यात कर की."

"पुढच्या महिन्यात आपण वर असू, दादा. तिथून दवाखाना दोन दिवसांवर. वाटेत अडकली म्हणजे?"

"मेंढीला गळू झालं तर आपण काय करतो? पातं मारतो, राख भरतो, सोडून देतो. कधी मेली का एखादी?"

"मेल्यात की."

त्यानं काठी भोकात आणखी खोल रुतवली. वहिनी चुलीपुढून म्हणाली, "पोरीच्या जातीला टाके घालून आणा. उद्या नवऱ्याकडचे विचारतील तेव्हा दाखवा."

"तू गप्प बस," थोरला तिला म्हणाला, आणि मला म्हणाला, "सकाळचं काम आहे ना? मग उरक. तुझी बायको राहील दवाखान्यात पोरीपाशी. तू नदीवर ये. एवढी मेंढरं मी एकटा पाण्यातून कशी काढू? सूर्य डोक्यावर येईस्तोवर थांबतो. त्यापुढं नाही."

ते मला पटलं. सकाळी नऊला पहिला नंबर टिटवीचा लावला होता. दहाला मोकळा झालो असतो. मायलेकींना पाच-सहा दिवसांनी ट्रकमधून वर आणायचं, असंही ठरलं.

आदल्या दिवशी पोरीला तपासायला नेलं. भूल देणारी डॉक्टरीण बुटकी होती, जाड चष्म्याची. तिनं टिटवीची छाती ऐकली, तोंड उघडून बघितलं, आणि आम्हा दोघांना पुढं बसवलं.

"उद्या पहाटेपासून पोरीच्या पोटात काही जाता कामा नये. खाणं नाही, दूध नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. भुलीत असताना पोटातलं वर आलं तर ते छातीत उतरतं. मग लेकरू बुडतं. कोरड्या खाटेवर बुडतं. कळलं?"

टिटवीच्या आईनं विचारलं, "थुंकी गिळली तर चालेल का हो बाई?"

डॉक्टरीण पहिल्यांदा हसली. "चालेल. थुंकी चालेल."

बुडणं म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आजारी कोकराला बाटलीनं दूध पाजलं होतं. घाईत त्याची मान जास्त वर धरली. दूध चुकीच्या नळीत गेलं. कोकरू माझ्या मांडीवर होतं, त्याच्या नाकातून दुधाचे बुडबुडे आले, पाय ताठ झाले, आणि संपलं. वडिलांनी मारलं नाही. नुसतं म्हणाले, "आता लक्षात राहील."

पहाटे तिची आई माझ्या आधी उठली. उरलंसुरलं अन्न तिनं रात्रीच वहिनीच्या झोपडीत नेऊन ठेवलं होतं. घागर पालथी, तांब्या पालथा, पोरीच्या हाताला लागेल असं काही ठेवलं नव्हतं. टिटवी घोंगडीत गुंडाळून झोपली होती. "जरा लक्ष ठेवा, झऱ्यावरून पाणी घेऊन आलेच," असं मला म्हणून ती गेली. मी हं म्हटलं आणि कळपाच्या पलीकडच्या बाजूचं कुंपण सोडायला गेलो. त्या दिवशी सगळं बांधायचं होतं. दोर गुंडाळले, खुंट्या उपटल्या, एक खुंटी हलेना म्हणून तिच्याशी झटत बसलो. लक्ष काही ठेवलं नाही.

आमच्याकडे भुरी नावाची एक शेळी होती. टिटवी रांगत होती त्या वर्षी तिच्या आईचं दूध आटलं, आणि त्याच आठवड्यात भुरीचं करडू दगावलं. आम्ही पोरीला भुरीखाली धरलं. भुरीनं पहिल्या दिवशी लाथ मारली, दुसऱ्या दिवशी हुंगलं, तिसऱ्या दिवशी पोरगी दिसली की स्वतःच पाय फाकवून उभी राहू लागली. पोरगी चालायला लागली, दात आले, तरी जाता-येता भुरीच्या खाली बसायची, चार घोट घ्यायची आणि तोंड पुसत खेळायला पळायची. भुरी मधे दोनदा व्याली तरी तिची ही रीत मोडली नाही. आम्हाला ते दिसेनासं झालं होतं. डॉक्टरीण दूध नाही म्हणाली तेव्हा आमच्या दोघांच्या डोळ्यापुढं भांड्यातलं दूध आलं. भुरी कुणाच्या मनात आली नाही. भांडी पालथी घातली, आणि भुरीला मोकळी ठेवली.

खुंटी निघाली तेव्हा उजाडायला लागलं होतं. मी तपेली घेऊन भुरीपाशी बसलो. उजव्या सडाला हात लावला, तो दगडासारखा भरलेला. डाव्याला हात लावला आणि माझा हात तिथंच थांबला. सड रिकामा होता. मऊ पडला होता, सुरकुतला होता, आणि ओला होता. नुसता ओला नाही, कोमट. त्याला घोंगडीचा एक काळा केस चिकटला होता.

मी मागं वळून बघितलं. टिटवी घोंगडीत होती. डोळे मिटलेले. पण झोपलेलं लेकरू डोळे इतके घट्ट मिटत नाही.

मला कळलं. ते लिहिताना आज मी आडपडदा ठेवत नाही. मला तेव्हाच, तिथंच, पूर्ण कळलं. सगळं आयुष्य ज्यानं जनावरांचे सड ओढण्यात घालवलं, त्याच्या बोटांना कुणी फसवू शकत नाही.

मी उजवा सड पिळला. धार तपेलीत वाजत होती आणि मी डोक्यात जमवाजमव करत होतो. डावा सड रात्री भरलाच नसेल. चारच घोट प्यायली असेल. चार घोटांनी काय होतं? नऊ वाजेपर्यंत जिरून जाईल. आज नाही झालं तर महिना जाईल. महिनाभरात गाठ अडकली तर? आणि थोरला नदीवर उभा असेल.

तिची आई डोक्यावर घागर घेऊन आली. तपेलीत डोकावून म्हणाली, "आज एवढंच?"

"पान्हा चोरला तिनं," मी म्हणालो.

"तिलाही कळलंय आपण जाणार ते," ती म्हणाली, आणि पोरीला उठवायला गेली.

तीन कोस मी टिटवीला खांद्यावर घेऊन चाललो. तिचे पाय माझ्या छातीवर आपटत होते. ती गात होती, वाटेतल्या प्रत्येक कुत्र्याला हाका मारत होती. एकदा तिनं माझ्या कानापाशी ढेकर दिला आणि तो वास माझ्या नाकात शिरला. शेळीच्या दुधाचा वास. मी मान दुसरीकडे फिरवली. मागून तिची आई चालत होती. वारा तिच्याकडून माझ्याकडे होता.

"बघा ना किती शहाणी," ती म्हणाली. "एकदाही भूक लागली म्हणाली नाही."

माझ्या पाठीला घाम सुटला होता. सकाळ अजून गार होती.

दवाखान्यात लांब ओसरी होती आणि एक बाक. बाकावर एका म्हातारीनं डोळ्याला पट्टी बांधून मुलाचा हात धरला होता. सिस्टर एक छापील कागद घेऊन आली. उभ्याउभ्या तिनं तो वाचला, इतक्या भराभर की मला त्यातलं एक अक्षर समजलं नाही.

"रात्रीपासून पोटात काही गेलंय?" तिनं विचारलं.

"थेंब नाही, बाई," टिटवीची आई म्हणाली. "मी भांडीसुद्धा पालथी घातली होती."

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही काही दिलं?"

"आम्ही काही दिलं नाही," मी म्हणालो.

तिनं माझा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. तो कागद दवाखान्यातून पुढं आम्हाला मिळाला, पत्र्याच्या पेटीत पडून राहिला. साठी उलटल्यावर मी अक्षरं शिकलो, तेव्हा एक दिवस काढून वाचला. लिहिलं होतं, की पेशंट उपाशी आहे याची खात्री वडिलांनी दिलेली आहे. त्याखाली माझा अंगठा. रेघा अजून स्पष्ट होत्या.

पोरीला हिरवा सदरा घातला. तो तिच्या घोट्यापर्यंत आला. ती त्यात गोल फिरली. "माझा झगा!" म्हणून ओरडली, तर बाकावरची म्हातारीसुद्धा हसली. मग डॉक्टरीण आली आणि तिनं हात पुढं केले.

"चल, आपण आत जाऊ."

"आई पण."

"आई इथंच आहे."

टिटवीनं आईच्या लुगड्याचा पदर मुठीत धरला. तिची आई एकेक बोट सोडवत होती आणि प्रत्येक बोटाला काहीतरी बोलत होती. शेवटचं बोट सुटलं तशी पोरगी अशी ओरडली की आतून कुणीतरी दार उघडून बघितलं. डॉक्टरीण तिला कडेवर घेऊन आत गेली. दाराची दोन्ही फळकुटं मागंपुढं हलली आणि थांबली. आतून पोरीचं रडणं येत होतं. मग ते मधेच अडकलं. उचकी लागली होती तिला.

एक उचकी, दुसरी उचकी.

रडताना उचकी लागली की तिच्या पोटातलं वर यायचं, हे मला ठाऊक होतं. मला ते कोकरू दिसलं नाही. मला त्याचं वजन जाणवलं, मांडीवर, जिथं ते पडलं होतं तिथं.

मी दार ढकलून आत गेलो. पायात माळाची माती लागलेली वहाण तशीच. सिस्टर किंचाळली, "अहो, बाहेर! बाहेर व्हा आधी!" डॉक्टरिणीच्या हातात तो काळा रबरी मुखवटा होता. पोरीच्या तोंडापासून वीतभरावर. सिस्टरनं पोरीचे हात धरले होते.

"दूध प्यायली आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "पोटात दूध आहे तिच्या."

डॉक्टरिणीचा हात खाली आला. "कधी?"

"पहाटे."

"कुणी दिलं?"

"शेळीनं."

मग सिस्टर फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"शेळीनं म्हणजे?"

मी सांगितलं. खाली बसते आणि पिते, तोंडानं, अशी. हातानं दाखवलंसुद्धा. त्या पांढऱ्या खोलीत, दिव्याखाली, मी वाकून पोरगी शेळीखाली कशी बसते ते दाखवत होतो.

"आणि हे तुम्हाला केव्हा कळलं?" डॉक्टरिणीनं चष्म्याआडून विचारलं.

इथं मला खरं बोलता आलं असतं. दार उघडंच होतं, दारात टिटवीची आई उभी होती.

"आत्ताच," मी म्हणालो. "आत येताना पोरगी बोलली माझ्या कानात."

टिटवी खाटेवर बसून हुंदके देत होती. तिनं काही म्हटलं नाही. चार वर्षांच्या पोरीला कुणी विचारतही नाही.

"पहाटे पोरीपाशी कोण होतं?"

मी तोंड उघडायच्या आधी दारातून आवाज आला. "मीच, बाई. पाण्याला गेले तेवढ्यात झालं असणार. मला भुरीची आठवणच राहिली नाही." आणि ती तिथंच उंबऱ्यावर खाली बसली. जरा लक्ष ठेवा, असं ती मला सांगून गेली होती, ते तिच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. किंवा राहिलं असेल. तिनं ते काढलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

डॉक्टरिणीनं मुखवटा ट्रेमध्ये आपटला. "बाई, मारली असती तुम्ही पोर! माझ्या हातून मारली असती!"

"हो," टिटवीची आई म्हणाली.

मी पायातली वहाण काढून हातात घेतली.

कापणारा डॉक्टर टोपी घालून आला. उंच माणूस, हळू बोलणारा. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. सहा तास, असं ऐकू आलं. दोनची गाडी, असं ऐकू आलं. मग तो माझ्याकडे वळला. "तांबडं फुटायच्या आधी की नंतर प्यायली?"

"आधी. तांबडं फुटत होतं तेव्हा सड कोमट..." मी जीभ चावली. "आधीच, साहेब."

त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं. "शेवटी घेऊ हिला. गाडी चुकली तर चुकली."

आम्ही परत बाकावर आलो. आता टिटवीला खरोखरच भूक लागली. दहाच्या सुमारास ती पाणी मागायला लागली. तिची आई तिला ओसरीवरून या टोकाला त्या टोकाला फिरवत होती, आणि कुणाच्याही हातात कप दिसला की तिचे डोळे झाकत होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. लाजेनं बघत नव्हती.

सूर्य वर चढत गेला. ओसरीच्या खांबाची सावली आखडत आली, तिच्याकडे बघत मी बसलो. खांबाच्या बुडाशी ती हातभर उरली असताना दवाखान्याच्या फाटकात थोरला दिसला. काठी, खांद्यावर घोंगडी, गुडघ्यापर्यंत चिखल. कळप वहिनीवर आणि कुत्र्यांवर टाकून आला होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

तो आधी हसला. "शेळीची पोर ती. मी म्हणत होतो की नाही?" मग त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे अजून झालंच नाही?"

"दुपारी घेणार."

तो टिटवीच्या आईशी कधी थेट बोलायचा नाही. तिच्यासमोरच मला म्हणाला, "तुझ्या बायकोला एक दिवस, एक पोर सांभाळता आली नाही? एक सकाळ?"

ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. पोरगी तिच्या खांद्यावर होती. मला फक्त तिच्या मानेचा मणका दिसत होता.

"दादा," मी म्हणालो.

"येतोस का नाही ते बोल. सांजच्या आत तिथं पोचलो नाही तर त्यानं दुसरा कळप बसवलाच म्हणून समज. मेंढ्या उभ्या उभ्या पडायला लागल्यात. पोरीपाशी आई आहे ना?"

"थांबतो मी."

"कशाला? तू काय टाके घालणार आहेस?"

"थांबतो, दादा."

त्यानं काठी दोनदा जमिनीवर आपटली. "ठीक. मग तुझ्या वाट्याच्या मेंढ्या पुढच्या पावसाला वेगळ्या काढून देईन. तुझं तू बघ, माझं मी बघतो." जाता जाता त्यानं टिटवीच्या डोक्यावर हात ठेवला.

"काका, मला भूक लागली," ती म्हणाली.

"लागू दे," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. फाटकातून तो निघून गेला, मागं न बघता. नदी त्या दिवशी त्यानं आणि वहिनीनं दोघांनीच ओलांडली. चार कोकरं वाहून गेली. त्याबद्दल तो पुढं मला कधी बोलला नाही, वहिनी बोलली.

साडेबाराला पोरीला आत नेली. आता तिच्यात ओरडायचा जोर नव्हता. आईच्या पदराला तिनं हातही लावला नाही. ते बघून मला जास्त भीती वाटली.

अर्धा तास म्हणाले होते. भिंतीवर घड्याळ होतं पण ते मला वाचता येत नव्हतं, मी नुसता लांब काटा कुठून कुठं गेला ते बघत होतो. तो वर गेला. म्हणजे अर्धा तास, बाकावरची म्हातारी म्हणाली. तो पुन्हा खाली उतरायला लागला. दाराआडून काही आवाज येत नव्हता. एकदा भांडं पडल्याचा आवाज आला आणि टिटवीच्या आईनं माझा दंड धरला. नखं रुतली. मी ती काढली नाहीत. मी मनात म्हणत होतो, की साहेब विचारून गेला तेव्हा मी 'आधी' म्हणालो. किती आधी? सड कोमट होता. माझ्या बसण्याच्या थोडंच आधी. मी त्यांना खोटी वेळ तर नाही ना सांगितली? सहा तास त्यांनी कुठून मोजले? उठून विचारावं असं वाटलं. पण विचारलं तर सगळंच विचारतील. मी बसून राहिलो. ती घटका मी अजून विसरलेलो नाही. पोरगी आत, आणि मी बाहेर माझी अब्रू धरून बसलेलो.

काटा जवळजवळ खाली पोचला तेव्हा दार उघडलं. उंच डॉक्टर टोपी काढत आला. "झालं," म्हणाला आणि तसाच गाडी गाठायला निघून गेला.

पोरीला आणली ती राखेच्या रंगाची होती. ओठ कोरडे, तोंड उघडं, एक हात खाटेवरून खाली लोंबत होता. तिच्या अंगाला औषधाचा वास होता, तिचा स्वतःचा वास गेला होता. मी म्हणालो, "टिटवे." काही नाही. मी तिचा खांदा हलवला.

"हलवू नका हो," सिस्टर ओरडली. "येईल शुद्धीवर."

"हिचा आवाज का येत नाही?"

"थांबा म्हटलं ना."

इतकी वर्षं त्या आवाजानं कान किटले म्हणत आलो होतो. तिची आई पोरीच्या तळपायांना हातानं घासत होती, एकसारखी, जन्मलेल्या कोकराला घासतात तशी.

मग पोरीच्या पोटाला झटका बसला. घशातून घर्र असा आवाज आला. डॉक्टरीण कुठून धावत आली कळलं नाही, तिनं एका हातानं पोरीला कुशीवर वळवलं आणि मान खाली केली. तोंडातून फेस आला, पाण्यासारखा, थोडासा. फडक्यानं पुसून तिनं ते फडकं माझ्यापुढं धरलं.

"बघा. नुसती लाळ आहे. सकाळी घेतली असती तर हे पांढरं असतं. आणि आत गेलं असतं."

मी फडक्याकडे बघत राहिलो.

ती बाजूला येऊन हळू म्हणाली, "सकाळी मी ओरडले तुमच्या बायकोवर. पण तुम्ही शहाणे. घुसलात आत. पुष्कळ बाप गप्प बसतात, पुढची तारीख जाईल म्हणून."

मी मान हलवली. तिनं माझ्या खांद्यावर थाप मारली आणि गेली.

मागून घोगरा, फाटका आवाज आला. "आई."

"काय गं माझे बाय?"

"माझी गाठ कुठं ठेवली त्यांनी?"

तिची आई हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. पोरगी रागावली. "सांग ना! माझी आहे ती!" आता तो आवाज थोडा वर चढला होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस कुशीवर वळला आणि म्हणाला, "ही इतकीशी कार्टी आणि हा आवाज?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माळावर परत आलो. कळपाच्या जागी नुसत्या लेंड्या आणि खुंट्यांची भोकं राहिली होती. आमची घोंगडी, तपेली आणि पेटी थोरल्यानं झोपडीत व्यवस्थित ठेवली होती. भुरीलाही बांधून गेला होता, पुढं गवताची पेंडी टाकून. टिटवीची आई पोरीला खाली निजवून माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"माझ्यामुळं झालं सगळं," ती म्हणाली. "भावाभावात माझ्यामुळं आलं. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. बोला तरी."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

"जाऊ दे आता," मी म्हणालो.

पुढच्या पावसाला थोरल्यानं शब्द पाळला. माझ्या वाट्याच्या मेंढ्या त्यानं एकेक करून कुंपणाबाहेर काढल्या, चांगल्या दिल्या, लंगड्या स्वतःकडे ठेवल्या. वहिनी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, एका शेळीनं घर फोडलं आणि एका आळशी बाईनं. टिटवीची आई ते मान खाली घालून ऐकायची. त्यानंतर तिनं कधी पोरीला मागं सोडून पाणी आणलं नाही. कडेवर पोर, डोक्यावर घागर. टिटवीला पुढं मुलं झाली, तेव्हा त्यांनाही ती डोळ्याआड होऊ द्यायची नाही. नातवंडं हसायची. ती म्हणायची, "माझ्या भरवशावर असती तर तुमची आई नसती. तुमचे आजोबा होते म्हणून." आणि माझ्याकडे बघायची. जेवताना बघायची, ओसरीवर बसून बघायची. त्या बघण्यात काही आडवंतिडवं नव्हतं. ती तसं मानत होती.

त्या पहाटेपासून तिला सांगायला माझ्याकडे एक्केचाळीस वर्षं होती. टिटवीची आई गेल्या वर्षी, कापणीच्या दिवसांत, दुपारी गेली.